दीर्घ मुदतीच्या सरासरीवरून शेअर स्वस्त की महाग हे कसे ठरवावे

शेअरचा भाव उच्चांकावरून तीस टक्के खाली आला की तो स्वस्त झाला, असे सर्रास म्हटले जाते. पण उच्चांक हा एका दिवसाचा भाव असतो. तो दिवसच अति उत्साहाचा असेल, तर त्याच्याशी केलेली तुलना काहीच सांगत नाही. शेकडो दिवसांच्या बंद भावांची, म्हणजे दिवसअखेरच्या भावांची, सरासरी हे त्याहून कितीतरी भरवशाचे माप आहे. मात्र ते भावाचे माप आहे, कंपनीच्या मूल्याचे नाही. आजचा भाव त्याच शेअरच्या गेल्या काही वर्षांतल्या भावांच्या मानाने कुठे आहे, एवढेच त्यातून कळते. मूल्यापर्यंत पोचायचे तर त्याला नफ्याचा आकडा जोडावाच लागतो.

कोणती सरासरी घ्यावी

बाजारात सगळ्यात जास्त बोलबाला ‘२०० डीएमए’चा, म्हणजे २०० दिवसांच्या सरासरीचा असतो. बाजार चालू असलेले २०० दिवस म्हणजे साधारण साडेनऊ महिने. भावाचा कल पाहायला ती उत्तम, पण स्वस्त-महाग ठरवायला हा काळ तोकडा पडतो, कारण त्यात कंपनीचे एक वर्षही पुरते मावत नाही. मूल्याच्या अंदाजासाठी २०० आठवड्यांची सरासरी घ्यावी. ती जवळजवळ चार वर्षांचा काळ व्यापते, आणि त्यात बहुतेक वेळा एखादा चांगला आणि एखादा वाईट काळ येऊन जातो.

साधी सरासरी घ्यावी की एक्स्पोनेन्शियल? २०० आठवड्यांच्या साध्या सरासरीत प्रत्येक भावाला अर्धा टक्का वजन असते. एक्स्पोनेन्शियलमध्ये सर्वात ताज्या भावाला साधारण एक टक्का मिळते आणि मागे जावे तसे ते घटत जाते. आपल्या कामाला साधीच बरी. पुढे याच काळातल्या सरासरी नफ्याशी तिची जोडी लावायची आहे, आणि वजने समान असतील तरच ती जोडी जुळते.

आकडे गोळा करताना

निदान दहा वर्षांचे साप्ताहिक बंद भाव उतरवून घ्या. स्प्रेडशीटमध्ये पहिल्या स्तंभात तारीख, दुसऱ्यात भाव, जुने वर आणि नवे खाली. पहिली ओळ शीर्षकाची असेल तर पहिली सरासरी २०१ व्या ओळीत येते: दुसऱ्या ओळीपासून २०१ व्या ओळीपर्यंतच्या भावांची. ते सूत्र शेवटपर्यंत खाली ओढा. दहा वर्षांच्या सुमारे ५२० आठवड्यांतून ३२१ सरासऱ्या हाती लागतात, कारण पहिले १९९ आठवडे सरासरी तयार होण्यातच खर्ची पडतात.

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात. कंपनीने एकास एक बोनस (प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट) दिला किंवा शेअरचे दोन तुकडे (स्प्लिट) केले की भाव एका दिवसात निम्मा होतो. जुने भाव त्या प्रमाणात कमी केलेले नसतील, तर शेअर सरासरीच्या पन्नास टक्के खाली दिसतो आणि कुणालाही वाटते की घबाड सापडले. म्हणून बोनस आणि स्प्लिटसाठी समायोजित केलेलेच भाव घ्या. काही ठिकाणी ‘समायोजित भाव’ म्हणून दिलेल्या आकड्यांत लाभांशही वजा केलेला असतो. तो नको. त्याने जुने भाव प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात, सरासरी खाली ओढली जाते, आणि भरघोस लाभांश देणारी कंपनी उगाच महाग भासते. कंपनीचा एखादा विभाग वेगळा काढला गेला असेल, तर जुने भाव जुळवलेले आहेत का ते त्या तारखेच्या आजूबाजूला स्वतः तपासा. तिथे अचानक पायरी दिसली तर समायोजन झालेले नाही.

नुकत्याच नोंदणी झालेल्या शेअरला ही पद्धत लावू नये. चार वर्षांचे भाव नसतील तर मापच तयार होत नाही.

अंतर काढा, पण शून्याला मधोमध धरू नका

तिसऱ्या स्तंभात सरासरी आली. आता चौथ्यात टक्केवारीतले अंतर काढा: भावातून सरासरी वजा करा, सरासरीने भागा, शंभराने गुणा. भाव ६४० आणि सरासरी ८०० असेल तर अंतर उणे २० टक्के.

आता खरी मेख. भाव सरासरीच्या वर म्हणजे महाग आणि खाली म्हणजे स्वस्त, हा समज चुकीचा आहे. वाढत्या कंपनीचा भाव सरासरीच्या वरच असायला हवा, कारण सरासरी भूतकाळात रेंगाळत असते. तिच्यातल्या भावांचे सरासरी वय सुमारे शंभर आठवडे असते. एखादा शेअर वर्षाला १५ टक्क्यांच्या संथ, एकसारख्या गतीने वाढत असेल, तर त्याचा भाव २०० आठवड्यांच्या सरासरीपेक्षा कायम सुमारे २९ टक्के वर राहील. ८ टक्क्यांनी वाढणाऱ्याचा सुमारे १५ टक्के वर राहील. त्यामुळे जोमाने वाढणारा शेअर नुसता सरासरीला टेकला, तरी तो त्याच्या नेहमीच्या जागेपासून बराच खाली आलेला असतो. उलट वर्षानुवर्षे जागच्या जागी असलेल्या कंपनीचा शेअर सरासरीच्या १५ टक्के वर असेल, तर तो चढा आहे.

म्हणून आजच्या अंतराची तुलना शून्याशी न करता त्याच शेअरच्या जुन्या अंतरांशी करा. ती ३२१ अंतरे चढत्या क्रमाने लावा आणि आजचे अंतर खालून कितवे येते ते पाहा. पहिल्या ३२ मध्ये असेल तर तो खालच्या दहा टक्क्यांत आहे आणि पुढच्या तपासणीला पात्र आहे. मधल्या पट्ट्यात असेल तर सरासरीकडून काही सांगण्यासारखे नाही, तिथेच थांबा. एका शेअरचे अंतर दुसऱ्या शेअरशी ताडून पाहू नका. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो.

सरासरीची दिशा

आजची सरासरी २६ आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून पाहा. भाव खाली आणि सरासरी चढती, ही जोडी सर्वात आशादायक: कंपनीचा लांबचा प्रवास चालू आहे आणि भाव तात्पुरता मागे पडला असण्याची शक्यता आहे. भाव खाली आणि सरासरीही उतरती असेल तर सावध व्हा. सरासरीच भावाच्या मागे खाली येत असल्याने काही महिन्यांनी अंतर भरून निघाल्यासारखे दिसते, पण तुमचे पैसे मात्र परत आलेले नसतात.

दिशा वाचताना एक बारकावा लक्षात असू द्या. दर आठवड्याला एक नवा भाव आत येतो आणि २०० आठवड्यांपूर्वीचा एक गळतो. समजा या आठवड्याचा भाव ६४० आणि गळणारा भाव ४८० आहे. फरक १६०, भागिले २००, म्हणजे सरासरी ०.८ ने वर सरकते. भाव त्या आठवड्यात दहा टक्के पडलेला असला तरीही. चढत्या सरासरीचा अर्थ इतकाच की आजचा भाव चार वर्षांपूर्वीच्या भावापेक्षा जास्त आहे. म्हणून पुढच्या सहा महिन्यांत कोणते भाव गळणार आहेत, ते यादीत वर जाऊन बघा. ते आजच्या भावापेक्षा मोठे असतील तर सरासरीची चढण लवकरच संपणार आहे.

नफा जोडा

हे केल्याशिवाय वरचे सगळे अर्धवट आहे. गेल्या चार वर्षांचे प्रति शेअर उत्पन्न, म्हणजे ईपीएस, घ्या. त्यांनाही बोनस आणि स्प्लिटचे समायोजन लावा आणि सरासरी काढा. जमीन विकून किंवा खटल्याच्या तडजोडीतून आलेला एकदाच मिळणारा नफा आधी वजा करा.

आपल्या उदाहरणात सरासरी भाव ८००. सरासरी ईपीएस ४० असेल, तर या चार वर्षांत बाजाराने कंपनीला साधारण २० चा पीई (भाव भागिले ईपीएस) दिला. आता भाव ६४० आहे. गेल्या चार तिमाहींचा ईपीएस ४६ असेल तर आजचा पीई १३.९ येतो. नफा वाढला, भाव उतरला. शेअर खरोखर स्वस्त झाला आहे. पण तोच ईपीएस २५ वर घसरला असेल तर पीई २५.६ होतो. भाव सरासरीच्या २० टक्के खाली, आणि तरी शेअर पूर्वीपेक्षा महाग! आलेखावर ही दोन्ही चित्रे हुबेहूब सारखी दिसतात. म्हणून नुसता आलेख पाहून खरेदी करू नये.

पोलाद, सिमेंट, साखर, रसायने अशा तेजी-मंदीच्या चक्रात फिरणाऱ्या धंद्यांत हा हिशेब उलटा पडतो. तेजीच्या शिखरावर नफा फुगलेला असल्याने पीई कमी दिसतो, आणि मंदीच्या तळाला तो अवाच्या सवा मोठा होतो. अशा कंपन्यांना चार तिमाहींचा ईपीएस लावू नका. सात ते दहा वर्षांच्या सरासरी ईपीएसने आजचा भाव भागा. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांच्या नावाने ओळखला जाणारा पीई याच तत्त्वावर, महागाईचे समायोजन करून दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर काढतात.

खरेदी कशी करावी

सगळे निकष जुळले तरी सारी रक्कम एकदम घालू नका. २० नोव्हेंबर २००८ रोजी अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक ७५२ वर बंद झाला, आदल्या वर्षीच्या १५६५ या उच्चांकी बंद पातळीच्या निम्म्याहूनही खाली. तरीही ९ मार्च २००९ रोजी तो ६७६ वर होता, म्हणजे आणखी दहा टक्के खाली. रकमेचे तीन किंवा चार भाग करा आणि दोन खरेद्यांमध्ये एक तिमाही निकाल येऊ द्या. निकालात ईपीएस घसरला तर पुढचा भाग रोखा आणि पीईचा हिशेब नव्याने मांडा.

एका शेअरमध्ये किती घालायचे, याची मर्यादा आधीच ठरवा. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचा शेअर ऑगस्ट २००० मध्ये नव्वद डॉलरच्या आसपास होता. पुढच्या वर्षभरात तो सरासरीच्या खाली, आणखी खाली जात राहिला, आणि २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिथे नफ्याचे आकडेच खोटे होते, त्यामुळे पीईनेही वाचवले नसते. अशा वेळी फक्त ती मर्यादाच उपयोगी पडते.

हा तक्ता महिन्यातून एकदा, त्या महिन्यातल्या सगळ्या आठवड्यांचे भाव भरून ताजा करा. ईपीएसचा स्तंभ निकाल आल्यावर. रोज पाहिल्याने हाती काही लागत नाही: भाव एका दिवसात पाच टक्के हलला तरी २०० आठवड्यांची सरासरी जेमतेम अडीच शतांश टक्का (०.०२५ टक्के) हलते.