जनसुनावणीत चिमणीच्या धुराचा हिशेब कसा मागावा

औष्णिक वीज केंद्राच्या विस्ताराची जनसुनावणी लागली की मंडपात दोन बाजू ठरलेल्या असतात. एकीला वीज आणि रोजगार हवा असतो, दुसरीला राखेनं जीव नकोसा झालेला असतो. खरं दोघांचंही असतं. पण इतिवृत्तात 'ग्रामस्थांनी प्रदूषणाबद्दल चिंता व्यक्त केली' एवढीच ओळ उरते, कारण वीजनिर्मिती संचाचा क्रमांक आणि आकडा कुणीच मांडलेला नसतो.

पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. माहिती अधिकाराच्या उत्तरालाही ३० दिवस लागतात. म्हणून विस्ताराची कुणकुण लागताच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज टाका. महाराष्ट्रात १५० शब्द आणि एकच विषय ही मर्यादा आहे. मागणी नेमकी लिहा: प्रत्येक चिमणीतल्या धुळीची आणि वायूंची गेल्या १२ महिन्यांची ऑनलाइन मोजणी, ऑक्सिजनच्या टक्केवारीसह.

ऑक्सिजनचा आकडा सुटला, तर बाकीचे आकडे कुचकामी ठरतात. जास्तीची हवा मिसळली की धूर पातळ होतो आणि आकडा आपोआप उतरतो. म्हणून तुलना ६ टक्के ऑक्सिजनवर, कोरड्या वायूत करतात. २१ मधून मोजलेला ऑक्सिजन वजा करा, उत्तरानं १५ ला भागा आणि आलेल्या संख्येनं मोजमापाला गुणा. ९ टक्के ऑक्सिजनवर धूळ घनमीटरमागे ४२ मिलिग्रॅम दिसली, तर खरा आकडा ४२ × १५ ÷ १२, म्हणजे ५२.५. मर्यादा ५० असेल तर ती ओलांडली गेली!

मर्यादा संचाच्या वयावर ठरते. ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत धुळीसाठी २००३ अखेरपर्यंतच्या संचांना घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ मधल्यांना ५०, त्यानंतरच्यांना ३० अशी मर्यादा आहे. चंद्रपूरच्या एकाच आवारात नव्वदच्या दशकातले आणि २०१६ चे असे ५०० मेगावॅटचे संच आहेत. दोघांच्या मर्यादा वेगळ्या, त्यामुळे 'केंद्राची सरासरी' हे उत्तर स्वीकारू नका.

खरा वाद सल्फर डायऑक्साइडचा, म्हणजे कोळशातल्या गंधकापासून बनणाऱ्या वायूचा आहे. जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं 'क' गटातल्या, म्हणजे 'अ' आणि 'ब' या गटांत न बसणाऱ्या केंद्रांना चिमणीच्या उंचीच्या अटीवर या मर्यादेतून सूट दिली. 'ब' गटाचा, म्हणजे अतिप्रदूषित क्षेत्रापासून किंवा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतल्यांचा, निर्णय प्रकरणागणिक होतो. 'अ' गटाला, म्हणजे दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतल्यांना, ३१ डिसेंबर २०२७ ची मुदत आहे. सूट देणाऱ्यांचं म्हणणं, भारतीय कोळशात गंधक कमी आणि एफजीडी (धुरातला हा वायू काढून घेणारी यंत्रणा) खर्चिक. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण उंच चिमणी वायू फक्त लांब नेते, कमी करत नाही. वाटेत त्याचेच सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात. तेव्हा आधी केंद्राचा गट विचारा, मग गंधकाची टक्केवारी आणि रोजचा कोळसा.

'आमच्याकडे ईएसपी (विजेच्या भारानं धूर गाळणारं यंत्र) आहे' या उत्तरावर थांबू नका. ते यंत्र धूळ पकडतं, वायू नाही.

प्रश्न लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बोलताना पहिल्याच वाक्यात संच, चिमणी, तारीख आणि आकडा सांगा. शेवटी इतिवृत्त मराठीतून वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तोवर मंडप सोडू नका, आणि तुमचा आकडा गळला असेल तर तिथेच उभं राहून नोंदवून घ्या.