साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी, घरच्या मोडीतून

आमच्या धाकटीच्या अंगठीसाठी मी आईच्या तुटक्या कुड्या काढल्या. सोनं घरचं असलं की खर्च उरतो हिऱ्याचा आणि मजुरीचा. हिरा लॅबमध्ये वाढवलेला घ्या. तोही कार्बनच, तितकाच कठीण, किंमत मात्र बरीच कमी. 30 सेंटचा (सेंट हे हिऱ्याच्या वजनाचं माप) गोल हिरा साधारण 4.3 मिमी भरतो. नाजूक बोटावर तो छान उठून दिसतो. प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका.

मोड 22 कॅरेटची असेल तर ती 18 कॅरेटवर आणा, कारण मऊ सोन्यात हिरा सैल होतो. 4 ग्रॅम मोडीत सुमारे 0.9 ग्रॅम तांबं-चांदी मिसळावी लागते. वितळवणं ओळखीच्या सोनारदादांच्या भट्टीवरच करा, घरच्या गॅसवर नको.

बोटाचं माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोट बारीक असतं.

बसवणूक बंद कोंदणाची करा, म्हणजे हिऱ्याभोवती सोन्याचा सलग काठ. हिरा धरणाऱ्या नख्या साडीत, ओढणीत अडकतात, आणि एक जरी वाकली तरी हिरा गेला. कोंदणासाठी 0.4 मिमी जाडीची, 14.8 मिमी लांब पट्टी कापा, वळवा, टाकणखार लावून डाग द्या, म्हणजे टोकं वितळवून जोडा. हिरा सहज आत जात असेल तर कोंदण मोठं झालंय. तो किंचित अडूनच बसायला हवा. मग काठ समोरासमोर दाबत चला: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. एकाच बाजूने दाबत गेलात तर हिरा तिरका बसतो. शेवटी कानस, पॉलिश, आणि कोमट साबणपाण्याने धुणं.