घर ऋतूंप्रमाणे कसं चालवावं: पंधरा दिवस आधी हलायची सवय

मिठाच्या बरणीपासून सुरुवात करू. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं व्हायला लागतं. ज्या दिवशी चमच्याला मीठ चिकटायला लागलं, त्या दिवसापासून पापडाचा डबा उघडा टाकायचा नाही, जाड चादरी धुवायला काढायच्या नाहीत आणि कूलर पुसून माळ्यावर टाकायचा. पण मीठ ओलं झाल्यावर जाग्या झालेल्या घराला तसा उशीरच झालेला असतो. पापड आधीच मऊ पडलेले असतात. ऋतूप्रमाणे राहायचं म्हणजे ऋतू बदलायच्या पंधरा दिवस आधी हलायचं. वीस वर्षांच्या संसारात मला कळलं ते एवढंच, आणि तेही नुकसान करून घेऊन.

मी नागपूरची, संसार पुण्यात. माहेरी होळी झाली की कूलरच्या ताट्यांमधला जुना वाळा काढून नवा भरला जायचा. तिथे ४४-४५ अंशांचं कोरडं ऊन असतं, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि खोली गार होते. लग्नानंतर मी तसाच कूलर पुण्यात आणला आणि पहिला पाऊस पडून गेल्यावरही हट्टाने चालवत राहिले. खोलीचं न्हाणीघर झालं. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर कूलरचं पाणी उडणार कुठे? माठाचंही तेच. मुंबईत किंवा रत्नागिरीत माठातलं पाणी नागपूरसारखं गार होत नाही, यात माठाचा काही दोष नसतो. त्यामुळे दुसऱ्या गावाची पद्धत जशीच्या तशी उचलायची नाही, हे आधी सांगून ठेवते.

पहिलं वर्ष: नुसतं टिपून ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब लिहितो तिथेच दोन-तीन शब्द लिहायचे. ‘पंखा पाचवर’, ‘टॉवेल दोन दिवस ओला’, ‘मुंग्या’, ‘पहिला वळीव’, ‘हापूस खिशाला परवडला’. वेगळी वही करू नका, दहाव्या दिवशी सापडत नाही. वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत टाकायचं नाही. पुढच्या वर्षी कुठलंही काम कधी काढायचं ते त्यातून कळतं. माझ्या घरात मुंग्या दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ओट्यावर येतात, हे मला तीन कॅलेंडरं शेजारी ठेवल्यावर दिसलं. त्याआधी दर वर्षी ‘यंदाच कशा काय आल्या?’ म्हणत होते.

पंचांगाचा आधार घ्या, पण ताळा आपल्या खिडकीशी करा. पुस्तकातले ऋतू सहा आणि वर्षा ऋतू श्रावण-भाद्रपदात, पण आपल्याकडे पाऊस ज्येष्ठातच येऊन थडकतो. शेतकऱ्याच्या बोलण्यातली नक्षत्रं घरालाही जास्त उपयोगी पडतात, कारण ती सूर्याच्या चालीवरून ठरत असल्याने दर वर्षी जवळपास त्याच तारखांना येतात. २५ मेच्या सुमारास रोहिणी (विदर्भातला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तेव्हाच), ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, सप्टेंबरच्या शेवटी हस्त. हवामान खात्याच्या सरासरीनुसार मुंबईत मान्सून ११ जूनला पोहोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. सरासरीच ती, दोन्हीकडे आठ-दहा दिवसांची ओढाताण धरूनच चालायचं.

ऊन कुठून येतं ते बघा

हे काम एका रविवारचं. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी असे दोन दिवस येतात, जेव्हा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली जाते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. बाकी वर्षभर तो दक्षिणेला आणि डिसेंबरात इतका खाली, की दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत पलंगापर्यंत येतं. त्यामुळे दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात फारशी त्रास देत नाही आणि थंडीत सोन्यासारखी. खरी छळते ती पश्चिमेची, दुपारी तीन ते सहा.

पश्चिमेला पडदा लावायचा तर काचेच्या बाहेरून. आतल्या जाड पडद्यापर्यंत ऊन पोहोचलं म्हणजे उष्णता घरात आलीच. बाहेर बांबूची चटई किंवा हिरवं शेडनेट टाकलं तर ती तिथेच अडते. खिडक्यांचं वेळापत्रकही उलटं करायचं. एप्रिलमध्ये सकाळी नऊला सगळं बंद आणि रात्री नऊनंतर सगळं उघडं. दुपारी ‘हवा येऊ दे’ म्हणून खिडकी उघडणाऱ्या पाहुण्याला प्रेमाने थांबवावं.

होळी ते अक्षय्य तृतीया: बेगमी

या दीड-दोन महिन्यांत हवा कोरडी असते, ऊन कडक असतं आणि वळीव अजून यायचा असतो. म्हणून गहू, तिखट आणि वाळवणं याच वेळी. नवा गहू आला की दोन दिवस ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोठीत भरा. गरम गहू भरला तर आत घाम धरतो आणि किडे होतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला थरांमध्ये घाला, डाळींना एरंडेलाचा हात लावा. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात आणू नका. त्यातल्या काहींमधून सुटणारा वायू बंद खोलीत जीवघेणा ठरतो.

वर्षभराची बेगमी आता किती जण करतात? दोन माणसांच्या फ्लॅटमध्ये क्विंटलभर गहू भरणं हा हौसेचा भाग झाला. माझं मत विचाराल तर गहू महिन्याचा महिन्याला आणा, पण तिखट वर्षाचं करून ठेवा. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झोंबायला थोडी लवंगी. देठं काढून, कडकडीत वाळवून, डंकावर समोर उभं राहून कुटून आणायचं.

पहिल्यांदाच वाळवण करणाऱ्यांनी कुरडयांच्या वाटेला जाऊ नये. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, आणि एवढं करून सोऱ्या दाबायला घरात कोणी नसतं. बटाट्याच्या किसापासून सुरुवात करा. दोन किलो जुने बटाटे सोलून थेट पाण्यात किसा, म्हणजे काळे पडत नाहीत. पाणी नितळ येईपर्यंत तीन-चारदा धुवा. यात आळस केला तर वाळल्यावर किसाचे गठ्ठे होतात. मोठ्या पातेल्यात मीठ घालून पाणी उकळा, कीस त्यात टाका आणि दोन-तीन मिनिटांत काढा. नखाने तुटेल, पण बोटात विरघळणार नाही इतपत. चाळणीत निथळून सुती कापडावर विरळ पसरा. संध्याकाळी घरात आणा, दुसऱ्या दिवशी परत ऊन. मुठीत घेतल्यावर काचेसारखा खुळखुळला की झाला.

माझ्या सासूबाई डब्याचं झाकण मात्र त्या दिवशी लावू देत नाहीत. “अगं, रात्रभर निवू दे त्याला, उन्हाची ऊब आत कोंडली की घाम सुटतो.” गव्हाचंच तत्त्व.

मृगाच्या आधी पंधरा दिवस

वर्षातला सगळ्यात कामाचा पंधरवडा हा. २५ मे ते ७ जून. इथे चुकलं तर चार महिने भोगावं लागतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

गच्चीपासून खाली या. गच्चीवर पाणी जायची तोंडं साफ करून प्रत्येकात बादलीभर पाणी ओतून बघा, किती वेळात उतरतं ते. नुसतं वाकून बघण्यावर विसंबू नका. एके वर्षी मी ‘दिसतंय की मोकळं’ म्हणून सोडून दिलं. पाईपच्या वाकणात दुधाची पिशवी अडकली होती. मृगाच्या तिसऱ्या दिवशी बाल्कनीतलं पाणी उंबरा ओलांडून दिवाणखान्यात आलं आणि सगळ्यात खालच्या फळीवरचे लग्नाचे अल्बम भिजले. फोटो एकमेकांना असे चिकटले की आता माझ्या मामेबहिणीच्या खांद्यावर भटजींचं डोकं आहे.

मग भिंती. मागच्या वर्षी जिथे ओल आली तिथे पेन्सिलने गोल करून ठेवलेला असेल तर बाहेरची भेग शोधणं सोपं जातं. भेग उन्हातच बुजवायची, कारण ओल्या भिंतीवर लांबी (पुट्टी) धरत नाही. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. चामड्याचे पट्टे आणि बूट पुसून, वाळवून, कागदात गुंडाळून वर टाका. रेशमी साड्यांची घडी उलटी करून मलमलीच्या कापडात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. कपाटात कापूर, पण साडीला टेकलेला नको.

स्वयंपाकघरात मसाले, रवा, शेंगदाणे एकदा भाजून किंवा उन्हाला दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. कोकणात याच सुमाराला आमसुलं वाळून बरणीत जातात आणि सुके बोंबील, सोडे, सुकट डब्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीला बंदी असते, तेव्हा माशांच्या पिल्लावळीला वाढायला वेळ मिळतो आणि जेवायला सुकट पुरते. लोणच्याच्या कैऱ्या पुसून कोरड्या केल्याशिवाय चिरू नका. पाण्याचा एक थेंबही बुरशीला आमंत्रण देतो.

शेवटचं काम डासांचं. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस ‘कोरडा’ ठरवा, समजा शनिवार. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांच्या बशा, वापरात नसलेला कूलर, पक्ष्यांचं भांडं, सगळं उलटं करून घासायचं. घासायचं म्हणते, नुसतं ओतायचं नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून असतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात.

पाऊस लागल्यावर

कपड्यांचा प्रश्न सगळ्यात मोठा. रोज थोडं धुवा, साठवून रविवारी नको. जीन्स आणि जाड टॉवेल बाजूला ठेवा, पंचे बाहेर काढा. पंचा पंख्याखाली तीन तासांत वाळतो. दोरीवर एक सोडून एक चिमटा, आणि पंखा वरून न लावता खालून, टेबलफॅन.

ताट आपोआप बदलू द्या. बाजारात पालेभाजी चिखलाची आणि महाग होते, तेव्हा रानभाज्यांचे वाटे येतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली. शेवळं आणि अळू खाजतात, त्यात चिंच-आमसुलासारखं आंबट हवंच. भाजी ओळखीची नसेल तर विकणाऱ्या मावशींना कशी करायची ते विचारा, सांगतातच, आणि अनोळखी पाला हौसेने तोडून आणू नका. चातुर्मासाचे सगळे नियम पाळा असं मी म्हणणार नाही. कांदा सोडायच्या आधीची म्हणून आमच्याकडे कांदेनवमीला भजी होतात आणि दशमीलाही कांदा चिरला जातो. पण रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, हा त्यातला भाग सोसणारा आहे.

हस्त संपला की

नवरात्राआधी घर काढायची पद्धत होती, तिचं कारण गोधड्यांना हात लावला की कळतं. चार महिन्यांचा दमट वास. पण घाई नको. हस्ताचा पाऊस दुपारी गडगडून येतो आणि दोरीवरच्या गोधड्या दुप्पट जड करून जातो. सकाळी आठ ते बारा, एवढंच ऊन द्यायचं. पाऊस खरंच गेला की ऑक्टोबरचं ऊन चटका देतं, तेव्हा गाद्या, माळा, पुस्तकं सगळं बाहेर. दिवाळीची सफाई दोन टप्प्यांत केली की कंबर शाबूत राहते.

थंडी

इथे फारसं काही करावं लागत नाही, बाजारच सगळं करून देतो. बाजरी, तीळ, नवा गूळ, मेथी, आवळे. भोगीच्या भाजीत काय पडतं बघा: हरभरा, पावटा, वांगी, गाजर, तीळ. त्या आठवड्यात जे शेतात आहे ते सगळं एका कढईत.

वेळापत्रक मात्र बदला. सकाळ सगळ्यात उशिरा २१ डिसेंबरला होते असा समज असतो. पुण्यात सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो, सातच्या पुढे. म्हणून मुलं संक्रांतीच्या सुमाराला अंथरुणातून निघत नाहीत. ओरडण्यापेक्षा आंघोळ आदल्या संध्याकाळी करवून घ्या आणि सकाळचं फिरणं उन्हं आल्यावर ठेवा. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला फिरणाऱ्या माणसाने जानेवारीतही तोच गजर लावायचा, यात कसली शिस्त?

फेब्रुवारीत नवी चिंच येते. फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे करून बरणीत दाबा, वर्षभर जाते. या कामाला मुलं न बोलावता येऊन बसतात. चिंचोके फेकू नका, मे महिन्याच्या दुपारी पट मांडला की कवड्यांच्या जागी तेच लागतात.