रोरो जोंग्रांगच्या दंतकथेचं संरचनात्मक विश्लेषण करताय? या चुका टाळा

जावातल्या प्रंबाननच्या देवळांची ही दंतकथा अभ्यासाला सोपी वाटते. बांडुंग बोंदोवोसो राजा बोकोला मारतो आणि त्याच्याच मुलीला मागणी घालतो. रोरो जोंग्रांग अट घालते, एका रात्रीत हजार देवळं बांध. भुतंखेतं कामाला लागतात. ९९९ होतात न होतात तोच ती गावातल्या बायकांना उठवून भात कांडायला लावते, पूर्वेला आग पेटवते. कोंबडे फसून आरवतात, भुतं पळतात. तो शाप देतो, ती दगड होते आणि हजार पुरे होतात.

इथवर लिहून ‘विश्लेषण’ संपवणारे पुष्कळ. हा नुसता गोषवारा झाला. संरचनात्मक विश्लेषण म्हणजे कथेचा सांगाडा शोधणं: घटनांचा क्रम आणि त्यातल्या विरोधी जोड्या.

रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली मांडलेली ३१ कार्यं, म्हणजे कथेतल्या घटनांचे ठरलेले टप्पे, रशियन परीकथांवरून काढलेली. तिथे अवघड कामगिरी पार पडते, शेवटी लग्न लागतं. इथे लग्नच नाही. ओढूनताणून ३१ कार्यांची सगळी घरं भरू नका; रिकाम्या घराबद्दलच लिहा. नायक ठरत नसेल तर दोन रकाने आखा. बांडुंगची कथा मागणीपासून सुरू होते, जोंग्रांगची बापाच्या खुनापासून.

विरोधी जोड्या म्हणून ‘चांगलं-वाईट’ लिहिणं हा तर आळस. त्यापेक्षा उखळाकडे बघा. भुतं रात्री दगड रचतात, बायका पहाटे भात कांडतात. रात्र-दिवस, भुतं-माणसं, दगड-धान्य, सगळं त्या उखळात सापडतं. मुसळाचा आवाज नुसती युक्ती नव्हे. जात्याच्या घरघरीने ज्यांची पहाट व्हायची, त्यांना हे सांगायला नको. आणि जिने मोजणी अडवली, तीच शेवटी मोजणीतला आकडा होते.

आपली खास चूक वेगळीच. प्रंबाननच्या शिवमंदिरात जोंग्रांग म्हणून दाखवतात ती मूर्ती महिषासुरमर्दिनीची, हे आपण पाहताक्षणी ओळखतो आणि कथाच दुरुस्त करायला बसतो. मंदिरं नवव्या शतकातली आहेत. शेजारच्या चंडी सेवू या मंदिरसमूहाच्या नावात ‘हजार’ आहे, प्रत्यक्षात देवळं २४९. हे सगळं इतिहासाच्या वहीत लिहा. कथेला मात्र हजाराला एक कमीच हवं.

कोकणातही पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलेली, कोंबडा आरवल्यावर अर्धवट राहिलेली देवळं सांगतात. म्हणून लगेच ‘आपल्याकडूनच गेली’ म्हणू नका. तिथे ना मागणी, ना नवरी. जवळची जोडी हवी तर पश्चिम जावातली सांगकुरियांगची दंतकथा घ्या. तिथे एका रात्रीत तळं आणि नाव करायची असते, नवरी खुद्द त्याची आई, आणि पहाट अशीच खोटी. दोन्हींतली ती खोटी पहाट काढून कथा पुन्हा सांगून बघा. कुठे अडते, ते टिपून ठेवा.