माणसं रंगवताना हसू कुठून येतं

जी.डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका करणारी किंवा नुकतीच पास झालेली जी मुलं आकृतिप्रधान, म्हणजे माणसांच्या चित्रांकडे वळतात, त्यांना मी सगळ्यात आधी चित्रकार भूपेन खख्खर यांची चित्रं बघायला सांगतो. हाताची तयारी लाइफ क्लासमध्ये, म्हणजे समोर बसलेला माणूस बघून काढण्याच्या तासाला, होतेच. कोणाला रंगवायचं आणि का, हे तिथे कोणी शिकवत नाही. मला ते खख्खरांच्या चित्रांनी शिकवलं.

खख्खर १९३४ साली मुंबईत जन्मले, चार्टर्ड अकाउंटंट झाले आणि १९६२ मध्ये बडोद्याला गेले. तिथे ललित कला विभागात त्यांनी कलासमीक्षा शिकली, पण चित्रकलेचं रीतसर शिक्षण असं फारसं घेतलं नाही. पुढे बरीच वर्षं ते अर्धवेळ हिशेबनीस म्हणून नोकरी करत होते. ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन २००५ पर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते. नोकरी सांभाळून चित्रं होतात का, असं विचारणाऱ्यांना मी ही दोन नावं सांगतो. नोकरीतही माणसंच भेटतात, आणि आपल्याला रंगवायची आहेत तीही माणसंच.

सत्तरच्या दशकात खख्खरांनी दुकानदार आणि कारागीर रंगवले. 'जनता वॉच रिपेअरिंग' (१९७२), 'डीलक्स टेलर्स' (१९७२), 'बार्बर्स शॉप' (१९७३). घड्याळजी, शिंपी, न्हावी हे लोक तेव्हाच्या आधुनिक भारतीय चित्रांत जवळजवळ नव्हतेच. खख्खरांनी त्यांना फोटो स्टुडिओतल्या ऐटीत समोर बसवलं, मागे सपाट, गोड रंग दिले आणि पाटीपासून काउंटरपर्यंत सगळं निगुतीनं रंगवलं. कंपनी शैलीतली (ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्रजांसाठी काढलेली) चित्रं, राजस्थानातल्या नाथद्वाराची श्रीनाथजींची चित्रं, बाजारातली देवादिकांची छापील चित्रं आणि फ्रान्सचा स्वशिक्षित चित्रकार आंरी रूसो, हे सगळं त्यांनी आपलंसं केलं होतं.

या चित्रांपुढे हसू येतं ते कशामुळे, हे नीट बघा. चेहरा वेडावाकडा केलेला नाही, नाक फुगवलेलं नाही. माणूस पूर्ण गंभीर आहे. 'मॅन विथ बुके ऑफ प्लास्टिक फ्लॉवर्स' मधला गृहस्थ प्लास्टिकची फुलं हातात धरून ताठ उभा आहे, आणि भोवती त्याच्या आयुष्यातले छोटे प्रसंग मांडलेत, देवाच्या तसबिरीत कथाप्रसंग असतात तसे. इतका मान आणि इतकी साधी फुलं एकत्र आली की आधी ओठ हलतात, मग घशात काहीतरी अडकतं. व्यंगचित्र ही स्वतंत्र आणि अवघड कला आहे. पण तिथली अतिशयोक्ती उचलून कॅनव्हासवर आणली तर माणूस हरवतो आणि नुसता विनोद उरतो, असं माझं ठाम मत आहे.

हे तपासायला मी एक प्रश्न वापरतो: हा माणूस चित्रासमोर उभा राहिला तर त्याला लाज वाटेल का? वाटणार असेल तर मी ते चित्र बदलतो. आमच्या बाजारातला गिरणीवाला मी रंगवला तेव्हा त्याच्या भुवयांवर पीठ होतं आणि खिशाला मात्र डागही नसलेलं, चकचकीत पेन. ते पेन मी मुद्दाम घातलेलं नाही, ते होतंच. मी फक्त त्याच्यावर उजेड थोडा जास्त टाकला. विनोद असा सापडतो, त्यासाठी तासन् तास तिथे बसावं लागतं. गिऱ्हाईक नसतं त्या वेळी जा, ओळख करून घ्या, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. मी खिशात मावणारी वही आणि ४बी पेन्सिल नेतो, रेखाटनाच्या कडेला रंगांची नावं लिहून ठेवतो. फोटो लागतात ते काटा, पट्टा, डबे अशा वस्तूंसाठी. माणसाची ढब रेखाटनातूनच येते.

घरी आल्यावर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा रचना करून बघा. माणूस मोठा की दुकान मोठं, हे इथेच ठरवायचं. तैलरंगात करणार असाल तर पहिला हात टर्पेंटाइनमध्ये पातळ, पुढच्या थरांत तेल वाढवत जायचं. उलट केलं तर रंगाला पुढे तडे जातात. चेहरा मी सगळ्यात शेवटी घेतो, कारण भोवतीच्या वस्तू जागेवर बसल्या की त्याला किती बोलू द्यायचं ते कळतं.

एकाच चित्रात अनेक प्रसंग मांडायचे असतील तर 'यू कान्ट प्लीज ऑल' (१९८१) पाहा. बाल्कनीत पाठमोरा, विवस्त्र माणूस उभा आहे आणि समोर बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट घडते आहे. तेच पात्र एकाच चित्रात पुन्हा पुन्हा दिसतं. आपल्या लघुचित्रांत आणि इटलीच्या सिएना शहरातल्या जुन्या चित्रांत ही पद्धत आहे. लहानपणापासून ऐकलेल्या हसऱ्या गोष्टीत खख्खरांनी स्वतःच्या समलिंगी असण्याची गोष्ट उभी केली. इतकं धाडस आणि इतकी मृदुता एकाच चित्रात मला क्वचितच दिसली आहे.

विनोद स्वतःकडेही वळवता येतो. १९७२ च्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये खख्खरांनी जेम्स बाँडच्या थाटात स्वतःचा फोटो छापला होता. घाटकोपरचे चित्रकार अतुल डोडिया यांनी 'बॉम्बे बकानीर' (१९९४) मध्ये स्वतःला सिनेमाच्या पोस्टरवरच्या नायकासारखं रंगवलं आणि गॉगलच्या काचांत ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी आणि खख्खर यांना बसवलं. गुरूंना इतक्या प्रेमानं केलेला नमस्कार मी दुसरा पाहिलेला नाही.

चित्राचं नाव शेवटी ठेवा आणि साधं ठेवा, दुकानाच्या पाटीवर असतं तसं. गमतीदार नाव दिलं की बघणारा नाव वाचून हसतो आणि पुढच्या चित्राकडे जातो. आणि प्रदर्शनाआधी चित्र त्या माणसाला दाखवा. माझा गिरणीवाला बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "पट्टा उलटा फिरतोय." मी पट्टा दुरुस्त केला.