पिस्तुलाच्या ओतीव गोळ्यांसाठी साचा कसा निवडावा

ओतीव गोळीचा साचा कोणता घेऊ, असे विचारले की समोरचा लगेच एखादा क्रमांक सांगतो. त्याच्या पिस्तुलात तो साचा उत्तम चालतही असेल. पण तुमची नळी, तुमचा चेंबर (नळीत काडतूस बसते ती जागा) आणि तुमच्या डाय (काडतूस घडवणारे पोलादी ठसे) त्याने पाहिलेल्या नसतात, त्यामुळे त्या क्रमांकाचा तुम्हाला उपयोग नाही. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलासाठी साचा मापावरून निवडायचा असतो. तुम्ही राहता तिथे घरी काडतुसे भरायला कायद्याची परवानगी आहे, शिसे वितळवायची जागा हवेशीर आहे आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर काय होते हे तुम्हाला ठाऊक आहे, असे धरून पुढचे लिहितो आहे.

नळी मोजा

नळी सुटी करून साफ करा आणि तेलाचा हात फिरवा. नळीपेक्षा किंचित जाड असा शुद्ध, मऊ शिशाचा तुकडा पितळी दांड्याने तिच्यातून आरपार ढकला. त्यावर उमटलेला सर्वांत मोठा व्यास मायक्रोमीटरने मोजा. व्हर्नियर इथे चालत नाही. प्रश्न एका थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा आहे आणि तेवढी चूक व्हर्नियर सहज करतो. नळीतल्या रायफलिंगच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांची संख्या विषम असेल तर साध्या मायक्रोमीटरनेही खरे माप येत नाही, त्यासाठी व्ही-अ‍ॅन्व्हिलचा मायक्रोमीटर लागतो.

बहुभुजी रायफलिंगच्या (धारदार खाचांऐवजी गोलसर कोनांच्या) नळीत उघडे शिसे वापरायच्या आधी पिस्तुलाचे मॅन्युअल वाचा. ग्लॉक कंपनी ते वापरू नका असेच सांगते.

व्यास ठरवा: बहुतेक जण इथेच अडकतात

ढोबळ नियम असा की ओतीव गोळी खाचांच्या व्यासापेक्षा एक ते दोन थाऊ मोठी हवी. ९ मिमीच्या नळीचे नाममात्र माप ०.३५५ इंच असते, म्हणून गोळी ०.३५६ ते ०.३५८. पॉइंट ४५ एसीपीला ०.४५२, आणि पॉइंट ४० ला ०.४०१ किंवा ०.४०२. गोळी लहान पडली की तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो, शिसे खरवडतो आणि चेंबरच्या पुढेच नळीला लिंपतो. त्यावर ‘मिश्रधातू आणखी कडक करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. लहान गोळी कडक केली की दाबाखाली फुगून फट बुजवण्याची तिची उरलीसुरली क्षमताही जाते. ब्रिनेल मोजपट्टीवर १२ ते १५ एवढा कडकपणा ९ मिमीला पुरतो. पॉइंट ४५ चा दाब बराच कमी असल्याने तिथे त्याहून मऊ धातूही चालतो.

साच्यावर छापलेला व्यास विशिष्ट मिश्रधातूसाठी असतो. लायमन क्रमांक २ या मिश्रणात ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी असते. त्याच साच्यात जवळपास शुद्ध शिसे ओतले तर ते थंड होताना जास्त आकसते आणि गोळी एखादा थाऊ लहान निघते. म्हणून सायझिंग डायच्या मापापेक्षा एक ते तीन थाऊ मोठी गोळी, आणि तीही *तुमच्याच* धातूत, देणारा साचा घ्या. सायझिंग डाय गोळी दाबून लहान करते. मोठी करता येत नाही.

एवढे करूनही ९ मिमीत नळीला शिसे लागू शकते, कारण गोळी केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) बसताना लहान होते. ९ मिमीची केस निमुळती असते आणि तिची भिंत आत जाड होत जाते. जॅकेटच्या (तांब्याचे कवच असलेल्या) गोळीसाठी बनलेला एक्स्पांडर, म्हणजे केसचे तोंड रुंद करणारा दांडा, केसचे तोंड पुरेसे खोलवर उघडत नाही. शिवाय कार्बाइड रिंगची क्रिंप डाय (केसचे तोंड गोळीवर आवळणारी डाय) भरलेले काडतूस बाहेरून आवळते आणि आतली गोळीही दाबते. तपासणी सोपी आहे. बारूद आणि प्रायमर (बारूद पेटवणारी टोपी) न घालता एक काडतूस पूर्ण तयार करा, गोळी ओढून काढा आणि बुडाशी मोजा. ०.३५८ ची आत गेलेली गोळी ०.३५५ होऊन बाहेर आली, तर साच्याला दोष देऊ नका. गोळीपेक्षा एक-दोन थाऊच लहान असा लांब एक्स्पांडर लावा, क्रिंप हलका करा आणि मगच साच्याच्या व्यासाचा निर्णय घ्या. हे न पाहता दुसरा साचा मागवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

नाकाचा आकार

चेंबरच्या पुढचा घसा (रायफलिंग सुरू होण्याआधीचा गुळगुळीत भाग) आखूड असेल तर फुगीर नाकाची गोळी रायफलिंगला लवकर टेकते. ती खोल बसवावी लागते, केसमधली जागा कमी होते आणि दाब वाढतो. ९ मिमीसारख्या छोट्या केसमध्ये ही वाढ धोकादायक ठरते. त्यामुळे मॅगझिन आणि घसा दोन्हींत बसणारी लांबी मिळते का ते डमी (बारूद आणि प्रायमर नसलेले) काडतूस सुट्या नळीत टाकून पाहा. ते ‘टक’ करून बसले पाहिजे, बोटांनी फिरले पाहिजे आणि नळी उलटी केली की आपोआप खाली पडले पाहिजे. काडतुसाची कमाल लांबी ९ मिमीला १.१६९ इंच आणि पॉइंट ४५ ला १.२७५ इंच आहे. मात्र ओतीव गोळीच्या काडतुसाची योग्य लांबी बहुधा याहून कमीच निघते.

९ मिमीसाठी माझी पसंती १२० ते १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक), छाटलेल्या शंकूच्या आकाराच्या गोळीला. पॉइंट ४५ ला २०० ग्रेनची सेमी-वॅडकटर (सपाट टोकाची, खांदा असलेली गोळी) अचूक असते. तिचा खांदा केसच्या तोंडाबाहेर नखाच्या जाडीएवढा राहिला पाहिजे. तरीही ती अडखळत असेल तर गोल नाकाची २३० ग्रेनची घ्या.

वजनाच्या मोहात पडू नका. १४७ ग्रेनची लांब गोळी ९ मिमीच्या केसमध्ये जाड भिंतीपर्यंत पोचते, आणि वरची सगळी डोकेदुखी दुप्पट होते.

बूड आणि वंगण

बूड सपाट घ्या. तिरक्या कडेचे बूड केसमध्ये सहज बसते, पण ल्यूब-सायझरमध्ये (गोळीला वंगण लावून मापात आणणाऱ्या यंत्रात) वंगण बुडावर पसरते. या वेगांना गॅस चेक (बुडावर बसवायची धातूची टोपी) लागत नाही. पावडर कोटिंग (गोळीवर रंगाची पूड भाजून थर चढवणे) करणार असाल तर वंगणाची खाच नसलेला साचाही चालेल. कोटिंगने व्यास एक ते तीन थाऊ वाढतो आणि नाकही जाड होते, म्हणून डमीची चाचणी कोटिंग केलेल्या गोळीनेच घ्या.

साच्याचा धातू

अ‍ॅल्युमिनियम हलके असते आणि लवकर तापते. लोखंड टिकाऊ असते, पण त्याला गंज चढतो. पितळ उष्णता छान धरून ठेवते, पण मनगट भरून येते. पिस्तुलाला गोळ्या भरपूर लागतात, तेव्हा सहा खणांचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा घ्या.

साचा आल्यावर

साचा पूर्ण तापल्यावर, गोळ्या भरीव आणि कडा टोकदार पडू लागल्या की प्रत्येक खणातली गोळी मोजा: एकदा सांध्यावर आणि एकदा त्याला काटकोनात. दोन मापांत दोन थाऊंहून जास्त फरक असेल तर साचा परत करा. गोळी गोल आहे, फक्त एखादा थाऊ लहान आहे, तर साच्याच्या दोन अर्ध्यांच्या मधल्या सपाट पृष्ठभागावर, खणांपासून दूर, उष्णता सोसणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या टेपचे बारीक तुकडे चिकटवा. दोन्ही अर्धे किंचित दूर राहतात आणि सांध्याला काटकोनात व्यास वाढतो. सांध्यावर बारीक पापुद्रा येतो, तो सायझिंगमध्ये निघून जातो.