पलटणीचा माग काढताना: आधी क्रमांक, मग नाव

घरात बहुतेक वेळा एवढंच माहीत असतं: पणजोबा ‘मराठा पलटणीत’ होते, बसऱ्याला गेले, परत आले नाहीत. किंवा आजोबा इटलीत लढले. एवढ्यावर शोध सुरू करणारा नवखा माणूस आडनाव घेऊन निघतो आणि तिथेच फसतो. शिंदे, जाधव, सावंत, मोरे प्रत्येक पलटणीत ढिगाने होते. लष्कराची दप्तरं नावावर लावलेली नसतात, पलटणीवर लावलेली असतात. म्हणून आधी क्रमांक आणि साल पक्कं करायचं.

क्रमांक मिळण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे घरातली जुनी पेटी. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर, म्हणजे जाडीच्या पट्टीवर, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ‘१९१४-१५ स्टार’ या ताऱ्याच्या आकाराच्या मेडलावर हाच मजकूर मागच्या सपाट बाजूला असतो. दुसऱ्या महायुद्धातली मेडलं ब्रिटिश सैनिकांना बिननावाची मिळाली, भारतीय सैनिकांच्या मेडलांवर मात्र नाव आहे. तेव्हा कड नीट बघितल्याशिवाय ‘यावर काही नाही’ म्हणू नका. आणि कृपा करून मेडल चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. अक्षरं मुळातच उथळ, दोन दिवाळ्यांच्या साफसफाईत जातात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कडेला आडवी धरा, मेडल थोडं थोडं फिरवत आठ-दहा फोटो काढा. तरीही लागलं नाही, तर पातळ कागद कडेवर दाबून मऊ शिसपेन्सिल तिरकी फिरवा. पुसट वाटलेले आकडे पुष्कळदा त्यात उमटतात.

मिळालेला नंबर एकटा उपयोगाचा नाही. पहिल्या महायुद्धात नंबर पलटणीपुरताच असे, त्यामुळे एकच नंबर दहा पलटणींत दहा जणांचा असू शकतो. नंबर आणि पलटण कायम जोडीने लिहून ठेवा.

आता खरी गुंतागुंत. पलटण तीच राहते, तिचा क्रमांक बदलत जातो. मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या पलटणींच्या आकड्यांत १९०३ साली सरसेनापती किचनरच्या फेररचनेत १०० मिळवले गेले: तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी. १९२२ मध्ये यांतल्या मराठा पलटणी एका छत्राखाली आल्या आणि ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ ही रेजिमेंट उभी राहिली. १०३ वी तिची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी. ११४ वी ही प्रशिक्षणाची दहावी बटालियन झाली. कागदावर ‘३/५’ दिसलं की ते पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन असं वाचायचं. १९४५ मध्ये तिरक्या रेघेखालचा ५ गेला.

घोटाळा कुठे होतो ते ‘काली पाचवी’वरून कळतं. हे दुसऱ्या बटालियनचं टोपणनाव. नावातली पाचवी ही जुनी मुंबई फौजेची पाचवी, पुढे १०५ वी, म्हणजे २/५. घरातल्या म्हाताऱ्यांनी ‘काली पाचवी’ म्हटलं म्हणून पाचव्या बटालियनची दप्तरं उघडलीत, तर ११७ व्या रॉयलच्या इतिहासात जाऊन पडाल आणि वर्षभर चुकीच्या लढाया वाचत बसाल.

दुसरा गैरसमज जातीवरून होतो. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या. उलट मराठे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्येही, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या दलातही होते. महार सैनिकांचा माग काढायचा तर १९१७ ला उभी राहून १९२१ ला मोडलेली १११ वी महार्स आणि १९४१ ला बेळगावात उभी राहिलेली महार रेजिमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधली वीस वर्षं रिकामी दिसली तर ती तुमच्या शोधातली चूक नव्हे.

माणूस युद्धात मरण पावला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नोंद फुकट शोधता येते. जिवंत परतलेल्यांची तिथे नोंद नसते, हे अनेकांना उशिरा कळतं. शोधताना इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नका. ‘मराठा’ हा शब्दच तेव्हा मध्ये एच घालून आणि दोन टी लावून, ‘Mahratta’ असा लिहीत. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर पलटणच सापडत नाही. आडनाव पुष्कळदा नसतंच, नुसतं ‘राम’ किंवा ‘गणू’ असतं. तेव्हा पलटण निवडायची, मृत्यूचं साल टाकायचं आणि यादी बापाच्या नावावरून आणि गावावरून चाळायची. जिल्हे तेव्हाचे धरा: रायगड म्हणजे कुलाबा, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत, सांगलीचा बराच भाग साताऱ्यात. खेड तालुका पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही, त्यामुळे जिल्हा नसलेली ‘खेड’ ही नोंद पुरावा म्हणून धरू नका.

मेसोपोटेमियात (आजचा इराक) मरण पावलेल्यांची नोंद बसरा स्मारकाखाली असेल, पण त्या दगडावर भारतीय शिपायांची नावं कोरलेली नव्हती. अधिकाऱ्यांची नावं, शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. नावं छापील नोंदवहीत सापडतात. आपल्याकडच्या अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत जी संगमरवरी पाटी असते तिचंही तसंच: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. पाटीवरून गावाचा हिशेब लागतो, माणसाचा नाही.

पलटणीने रोज काय केलं, हे वॉर डायरीत असतं. पहिल्या महायुद्धाच्या डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ९५ या मालिकेत आहेत. दुसऱ्या महायुद्धासाठी आघाडी ठाऊक हवी: मध्यपूर्व डब्ल्यूओ १६९, इटली १७०, ब्रह्मदेश १७२. वाचनालयात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. फोटो काढता येतात. डायरी महिन्याला एक अशी असते आणि रकाने ठरलेले: ठिकाण, तारीख, वेळ, घडामोडींचा सारांश, शेरा व परिशिष्टं. नवखे लोक सारांश वाचून उठतात. त्यांनी परिशिष्टं उलटावीत. हल्ल्याचा हुकूम, नकाशाचे आकडे, मृत-जखमींचा तक्ता तिथेच असतो. मात्र अपेक्षा बेताची ठेवा. इंग्रज अधिकाऱ्याला खरचटलं तरी त्याचं नाव येतं, शिपाई मात्र ‘आय.ओ.आर. ४ ठार, ११ जखमी’ असे मोजले जातात, आय.ओ.आर. म्हणजे इंडियन अदर रँक्स. डायरीत पणजोबांचं नाव मिळणं हा योग समजा. मिळते ती त्यांची जागा: अमुक तारखेला पलटण अमुक टेकडीच्या पायथ्याशी होती.

एक सोडवलेलं उदाहरण घ्या. नाईक यशवंत घाडगे, पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात कामी आले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. पलटण ३/५. म्हणजे मागे जायचं तर ११० वी, डायरी हवी तर इटलीतली, जुलै १९४४ ची. कबर शोधू नका. त्यांचं नाव कॅसिनो स्मारकावर आहे. आणि पुढची वाट मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाहीच: ३/५ पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, २ पॅरा. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेश युद्धात टांगाइलला विमानातून पॅराशूटने उतरली ती हीच. आजच्या मराठा रेजिमेंटच्या यादीत तिसरी बटालियन शोधणारे इथेच अडकतात.

मेसोपोटेमियातल्या कुट अल-अमारा या शहराला पडलेल्या तुर्की वेढ्याचं प्रकरण वेगळं हाताळावं लागतं. सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी तिथे वेढ्यात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला त्यांना तुर्कांना शरण जावं लागलं. मग त्याच क्रमांकाने पलटणी नव्याने उभ्या केल्या गेल्या. शिवाय वेढ्यात पोचू न शकलेल्या नव्या कुमकीची मिळून एक संमिश्र मराठा बटालियन बाहेरून लढत होती. त्यामुळे ‘१०३ वी, मृत्यू १९१६’ एवढ्यावरून तो माणूस कैदेत गेला असं लिहून टाकू नका. २९ एप्रिलच्या नंतरची तारीख असेल तर तो कैदी असेल किंवा नव्या पलटणीतला असेल. भरतीची तारीख मिळाली तरच निवाडा होतो.

१९४७ नंतरच्या सैनिकासाठी रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहावं लागतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावात आहे. अर्जात नंबर, हुद्दा, बटालियन, भरती व निवृत्तीचं साल द्या, नात्याचा पुरावा आणि असल्यास पेन्शनच्या आदेशाची (पीपीओ) प्रत जोडा. पेन्शन नसलेल्या सैनिकाची सेवा-कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट केली जातात, म्हणून १९५५ ला पाच वर्षांची नोकरी करून सुटलेल्या आजोबांची फाइल मागून पत्रव्यवहारात वर्ष घालवू नका. त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सुटताना मिळालेलं पुस्तक, घरातच कुठल्या तरी ट्रंकेत असेल. पानं चिकटलेली असतील तर ओढून सोडवू नका. आधी पुस्तकावर गुंडाळलेलं कापड काढा, पुस्तक आठवडाभर सावलीत कोरडं राहू द्या, मग नंबराचं पान उघडा.